प्रोग्राम कोसळला? आधी पंचनामा, मग रीस्टार्ट!



सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला लिनक्सच्या टर्मिनलवर कधी ना कधी एक ओळ दिसतेच. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, आणि पुढे कंसात ‘कोअर डम्प्ड’. ही ओळ दिसली की बहुतेक जण काय करतात? वरचा बाण दाबतात, एंटर मारतात आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवून बघतात. पुन्हा कोसळला तर दोन-चार ओळींवर कॉमेंट टाकतात. या वेळी नीट चालला तर सुटकेचा नि:श्वास टाकून पुढच्या प्रयोगाकडे वळतात. ओळीतल्या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ काय, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की त्या दोन शब्दांकडे दुर्लक्ष करणं ही आपल्या संगणक शिक्षणातली मोठी उणीव आहे. रस्त्यावर अपघात झाला, तर गाड्या हलवण्याआधी पंचनामा करतात. कोण कुठे होतं, काच कुठे पडली, ब्रेकच्या खुणा कुठपर्यंत आहेत, हे सगळं आधी लिहून घेतात. प्रोग्राम कोसळतो तेव्हा लिनक्स असा पंचनामा आपणहून करून द्यायला तयार असते. त्या पंचनाम्याचं नाव ‘कोअर डम्प’. तो कुठे ठेवायचा आणि कसा वाचायचा, एवढंच आपल्याला शिकायचं आहे. आणि ते नोकरी लागल्यावर नव्हे, पहिल्या वर्षाच्या सी प्रयोगशाळेतच शिकायला हवं.

(एक सूचना : या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायची, बरं का!)

‘कोअर’ हा शब्द आला कुठून?

आजच्या संगणकात स्मृती म्हणजे सिलिकॉनच्या चिपा. पण 1950 आणि 1960 च्या दशकांत स्मृती बनायची ती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची. तारांच्या जाळीत ओवलेली एकेक कडी एका दिशेने चुंबकित केली की 0, उलट दिशेने केली की 1. या कडीला ‘कोअर’ म्हणत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणकही अशीच फेराइट कोअरची स्मृती वापरत होता.

त्या काळी प्रोग्राम अडकला की स्मृतीतला सगळा मजकूर कागदावर छापून काढत आणि तज्ज्ञ मंडळी ती भेंडोळी घेऊन बसत. स्मृती म्हणजे कोअर, म्हणून तिची ही ओतून काढलेली प्रत ‘कोअर डम्प’. पुढे कड्या गेल्या, चिपा आल्या, कागद जाऊन फाइल आली. शब्द मात्र युनिक्समधून लिनक्समध्ये जसाच्या तसा उतरला.

या पंचनाम्यात असतं काय?

प्रोग्राम कोसळतो त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे असतं, त्यातलं जवळजवळ सगळं. कोणतं फंक्शन चालू होतं, त्याला कोणी बोलावलं होतं, बोलावणाऱ्याला कोणी, अशी पूर्ण साखळी. प्रत्येक फंक्शनमधल्या चलांच्या त्या वेळच्या किमती. मॅलोकने मागून घेतलेली जागा. प्रोसेसरच्या रजिस्टरांमधले आकडे. आणि प्रोग्रामला अनेक थ्रेड असतील तर प्रत्येक थ्रेड कुठे उभा होता, तेही.

मात्र प्रत्येक मृत्यूनंतर पंचनामा होत नाही. लिनक्समध्ये प्रोग्रामला मारणारे वेगवेगळे सिग्नल असतात आणि त्यांतल्या काहींनंतरच कोअर निघतो. नेहमी भेटणारे असे :

• सिगसेगव्ही, क्रमांक 11 : आपल्या हक्काच्या नसलेल्या स्मृतीला हात लावला. कोअर निघतो.
• सिगअबॉर्ट, क्रमांक 6 : प्रोग्रामने स्वतःच ‘आता पुढे जाणं शक्य नाही’ असं ठरवलं. असर्ट खोटं ठरलं की हाच येतो. कोअर निघतो.
• सिगएफपीई, क्रमांक 8 : पूर्णांकाला शून्याने भागलं. कोअर निघतो.
• सिगटर्म, क्रमांक 15 : ‘कृपया बंद हो’ अशी विनंती. कोअर निघत नाही.
• सिगकिल, क्रमांक 9 : थेट मारलं. कोअर निघत नाही.

शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. यंत्राची स्मृती संपत आली की लिनक्सचा कर्नल एखादी प्रक्रिया निवडून तिला सिगकिलने मारतो. अशा वेळी कोअर शोधत बसू नका, तो नसतोच. कर्नलचा लॉग बघा. शेलमध्ये प्रोग्राम संपल्यावर येणारा एक्झिट क्रमांकही हेच सांगतो. 128 मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवला की तो आकडा मिळतो. म्हणून 139 म्हणजे 11 नंबरचा सिग्नल, 134 म्हणजे 6 नंबरचा आणि 137 म्हणजे 9 नंबरचा. एवढं पाठ असलं तरी तोंडी परीक्षेत आणि पुढे कामावरही उपयोगी पडेल.

‘डम्प्ड’ म्हणतो, मग फाइल कुठंय?

इथेच बहुतेक विद्यार्थी हात टेकतात. पडद्यावर ‘कोअर डम्प्ड’ दिसतं, पण फोल्डरमध्ये एलएस केलं तर काहीच नाही. मग ‘लिनक्स खोटं बोलतं’ असा निष्कर्ष निघतो! लिनक्स खोटं बोलत नाही. आपण दोन दरवाजे तपासलेले नसतात, इतकंच.

पहिला दरवाजा आकाराच्या मर्यादेचा. टर्मिनलवर ‘यूलिमिट -सी’ ही आज्ञा द्या. उत्तर बहुधा 0 येतं. म्हणजे ‘शून्य आकाराचा कोअर चालेल’, थोडक्यात नकोच. ही मर्यादा उठवायला ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ म्हणायचं. पण हे फक्त त्याच टर्मिनलपुरतं आणि तिथून सुरू केलेल्या प्रोग्रामांपुरतं. दुसरी खिडकी उघडली की पुन्हा शून्य.

दुसरा दरवाजा पत्त्याचा. कोअर कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायचा, हे कर्नल ‘/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ या फाइलीत बघतो. कॅट आज्ञेने ती वाचा. आत नुसतं ‘कोअर’ असेल, तर कोसळणारा प्रोग्राम ज्या फोल्डरमधून काम करत होता तिथेच त्या नावाची फाइल पडते. पण सुरुवातीलाच उभी रेघ, म्हणजे पाइपचं चिन्ह असेल, तर कर्नल फाइल न लिहिता सगळा मजकूर दुसऱ्या एका प्रोग्रामच्या हाती देतो. उबुंटूत हा प्रोग्राम सहसा ‘अॅपोर्ट’ असतो, फेडोरात ‘सिस्टमडी-कोअरडम्प’.

आता उलगडा झाला ना? पाइप असेल तेव्हा कर्नल यूलिमिटची मर्यादा लागू करत नाही. तो कोअर पाइपात ओततो, आणि शेल इमानदारीने ‘डम्प्ड’ असं छापतो. पुढे त्याचं काय करायचं हे पाइपच्या पलीकडचा प्रोग्राम ठरवतो. अॅपोर्टचं मुख्य काम उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजांमधले दोष नोंदवण्याचं. तुमचा ‘ए.आउट’ कोणत्याही पॅकेजातला नाही, म्हणून तो त्याचा अहवाल करत नाही. यूलिमिट शून्यावर नसेल तर अलीकडच्या उबुंटूत कोअरची फाइल ‘/व्हार/लिब/अॅपोर्ट/कोअरडम्प’ या फोल्डरमध्ये सापडते. ‘/व्हार/लॉग/अॅपोर्ट.लॉग’ उघडून पाहिलंत तर अॅपोर्टने काय केलं तेही वाचायला मिळेल.

मांडणी कशी करावी?

प्रयोगशाळेतल्या यंत्रांसाठी माझ्या मते सर्वांत सुटसुटीत पद्धत अशी :

1. ‘/व्हार/कोअर’ असं एक फोल्डर करा. कर्नल स्वतःहून फोल्डर तयार करत नाही; ते नसेल तर कोअर निमूटपणे हवेत जातो. फोल्डरला 1777 अशी परवानगी द्या, म्हणजे प्रत्येकाला तिथे लिहिता येईल पण दुसऱ्याची फाइल पुसता येणार नाही. कोअरची फाइल कर्नल 0600 परवानगीने बनवतो, त्यामुळे शेजारच्याला ती वाचताही येत नाही.

2. प्रशासकाच्या अधिकाराने ‘सिससीटीएल -डब्ल्यू कर्नल.कोअर_पॅटर्न=/व्हार/कोअर/%ई.%पी.%टी’ ही आज्ञा द्या. यात %ई म्हणजे प्रोग्रामचं नाव, %पी म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक आणि %टी म्हणजे कोसळण्याची वेळ. नावात हे तिन्ही असले की एका फाइलीवर दुसरी चढत नाही.

3. यंत्र बंद करून चालू केल्यावर ही मांडणी टिकायला हवी असेल, तर तोच मजकूर ‘/ईटीसी/सिससीटीएल.डी’ या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत लिहून ठेवा. अॅपोर्ट चालू असेल तर तो सुरू होताना आपला पाइप पुन्हा बसवतो, म्हणून त्याची सेवा आधी बंद करा.

4. आकाराची मर्यादा ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ मध्ये वाढवा. मात्र ही फाइल लॉगिन करणाऱ्यांनाच लागू पडते. सिस्टमडीने पार्श्वभूमीवर सुरू केलेल्या सेवांना ती लागू होत नाही; त्यांच्या युनिट फाइलीत ‘लिमिटकोअर=इन्फिनिटी’ असं लिहावं लागतं. हा फरक माहीत नसल्यामुळे अनेकांचा अख्खा दिवस वाया जातो.

5. कंटेनर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. कोअर_पॅटर्न प्रत्येक कंटेनरचा वेगळा नसतो. सगळ्या यंत्राचा कर्नल एक, म्हणून पॅटर्नही एकच. तो मूळ यंत्रावरच बदलावा लागतो.

सिस्टमडी-कोअरडम्प असलेल्या यंत्रावर यांतलं बरंच काही आयतं मिळतं. तिथे कोअर ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडम्प’ मध्ये दाबून, कमी जागेत ठेवले जातात आणि जुने झाले की आपोआप झाडले जातात. ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’ म्हटलं की कोण कधी कोसळलं याची यादी मिळते. ‘कोअरडम्पसीटीएल इन्फो’ने एकाची सविस्तर माहिती, ‘कोअरडम्पसीटीएल डम्प -ओ’ आणि पुढे फाइलीचं नाव दिलं की कोअर बाहेर काढून हातात, आणि ‘कोअरडम्पसीटीएल डीबग’ने थेट डीबगरमध्ये.

आता पंचनामा वाचू या

एक साधं उदाहरण घेऊ. ‘निकाल’ नावाचा प्रोग्राम आहे. ‘शोधा’ हे फंक्शन रोल नंबर घेतं आणि विद्यार्थ्याच्या नोंदीचा पत्ता परत देतं. नोंद सापडली नाही तर नल. ‘गुण_छापा’ हे फंक्शन तो पत्ता घेऊन गुण छापतं. वर्गातले सगळे रोल नंबर दिले तर प्रोग्राम उत्तम चालतो. मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुलाचा 42 हा नंबर दिला की कोसळतो.

प्रोग्राम कंपाइल करताना ‘जीसीसी -जी निकाल.सी -ओ निकाल’ अशी आज्ञा दिली होती. यातला ‘-जी’ महत्त्वाचा. त्यामुळे फंक्शनांची आणि चलांची नावं, ओळींचे क्रमांक प्रोग्रामसोबत राहतात. तो नसेल तर डीबगर ओळींऐवजी नुसते पत्ते दाखवेल.

आता ‘जीडीबी ./निकाल’ आणि पुढे कोअर फाइलीचं नाव द्या. आत गेल्यावर ‘बीटी’ म्हणा. हे बॅकट्रेसचं लघुरूप. दोन ओळी दिसतील. शून्य क्रमांकाची ओळ सांगेल, की ‘गुण_छापा’ चालू होतं, अमुक ओळीवर होतं आणि त्याला मिळालेला पत्ता शून्य होता. एक क्रमांकाची ओळ सांगेल, की त्याला ‘मेन’ने बोलावलं. मग ‘फ्रेम 1’ म्हणून मेनमध्ये जा आणि ‘इन्फो लोकल्स’ म्हणा. तिथे रोल नंबर 42 समोर दिसेल. झालं! कोसळलं ‘गुण_छापा’मध्ये, पण चूक मेनची : ‘शोधा’ने नल दिलं आहे का हे न तपासताच तो पत्ता पुढे ढकलला.

या सगळ्यात प्रोग्राम पुन्हा एकदाही चालवावा लागला नाही, ही खरी गंमत. चार दिवसांतून एकदाच कोसळणारा, किंवा फक्त ग्राहकाच्या यंत्रावर कोसळणारा प्रोग्राम असेल, तर याचं मोल लगेच कळतं.

एक पथ्य मात्र पाळा. कोअर ज्या प्रोग्रामचा, नेमका तोच प्रोग्राम जपून ठेवा. मध्येच पुन्हा कंपाइल केलंत तर जुना कोअर आणि नवा प्रोग्राम यांचा मेळ बसणार नाही आणि जीडीबी भलत्याच ओळींकडे बोट दाखवेल. कोअर नक्की कोणाचा हे आठवत नसेल, तर ‘फाइल’ ही आज्ञा त्याच्यावर चालवा, ती प्रोग्रामचं नाव सांगते.

‘पण सर, प्रिंटएफ आहे की!’

हा प्रश्न हमखास येतो. ठिकठिकाणी ‘इथे आलो’, ‘इथेही आलो’ छापायचं आणि शेवटचं काय छापलं ते बघायचं. छोट्या प्रोग्रामला ते चालतंही. पण यात एक फसवी जागा आहे.

प्रिंटएफने दिलेला मजकूर लगेच पडद्यावर जात नाही. तो आधी एका बफरमध्ये साठतो. टर्मिनलवर नवी ओळ आली की तो रिकामा होतो. आउटपुट फाइलीकडे वळवलं असेल तर बफर पूर्ण भरेपर्यंत थांबतो. मध्येच प्रोग्राम कोसळला तर बफरमध्ये राहिलेलं कधीच छापलं जात नाही. म्हणजे प्रोग्राम पन्नासाव्या ओळीपर्यंत गेलेला असतो, पण पडद्यावरच्या पुराव्यावरून आपल्याला वाटतं, की तो विसाव्याच ओळीवर मेला. मग विसाव्या ओळीत चूक शोधत बसा रात्रभर! आणि न छापलेला तो मजकूर कुठे असतो माहीत आहे? त्याच कोअरमध्ये, स्मृतीतल्या त्या बफरमध्ये.

प्रिंटएफ म्हणजे आपण आधीच ठरवून विचारलेला प्रश्न. कोअरला मात्र घटना घडून गेल्यावर सुचलेले प्रश्नही विचारता येतात. दोहोंतला हा फरक विद्यार्थ्याला एकदा उमगला की त्याची विचार करण्याची पद्धतच बदलते.

आपल्याकडे टर्बो सीवर हात बसलेली मंडळी लिनक्सवर आली की ‘तिथे चालत होतं, इथे कोसळतं’ अशी तक्रार करतात. कारण सरळ आहे. डॉसमध्ये स्मृतीला राखण नव्हती. नल पत्त्यावर लिहिलं तरी प्रोग्राम रेटून पुढे जायचा आणि संपताना फार तर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा संदेश यायचा. चूक तिथेही होती, फक्त झाकलेली. लिनक्स ती जागच्या जागी पकडते. कोसळणं हा लिनक्सचा दोष नसून राखणदार जागा असल्याची खूण आहे.

सर्व्हरवाल्यांचे तीन आक्षेप

प्रयोगशाळेचं ठीक, पण खऱ्या सर्व्हरवर कोअर चालू ठेवायला बरेच जण नाखूश असतात. त्यांचे आक्षेप खोटे नाहीत, म्हणून ते नीट बघू.

पहिला आक्षेप : सेवा कोसळली की ती लगेच उभी राहिली पाहिजे, पंचनाम्याला वेळ कुठे? हे खरं, की प्रक्रियेने खूप स्मृती घेतली असेल तर कोअर लिहायला वेळ लागतो, आणि तो लिहून होईपर्यंत जुनी प्रक्रिया पूर्ण संपत नाही. पण रीस्टार्ट आणि कोअर यांत वैर नाही. सिस्टमडीला ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ सांगा आणि कोअरही चालू ठेवा. आपोआप रीस्टार्ट होणारी सेवा कोअरशिवाय चालवणं मला जास्त धोक्याचं वाटतं. ती दिवसातून वीस वेळा पडते, वीस वेळा उठते, आणि का पडते ते कोणालाच कळत नाही. दुखणं तसंच राहतं, वर सगळं आलबेल असल्याचा भास.

दुसरा आक्षेप : डिस्क भरून जाईल. भरू शकते, विशेषतः सेवा सारखी पडत-उठत असेल तर. म्हणून मर्यादा घालायची, दार बंद करायचं नाही. सिस्टमडीच्या ‘कोअरडम्प.कॉन्फ’ फाइलीत एका कोअरचा कमाल आकार, सगळ्यांची मिळून कमाल जागा आणि डिस्कवर किती जागा मोकळी राखायची हे सगळं ठरवता येतं. कोअरसाठी वेगळं पार्टिशन दिलं तर प्रश्नच मिटला.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : गुपितं. कोअर म्हणजे स्मृतीची प्रत, आणि स्मृतीत सगळंच असतं : नुकताच टाइप केलेला पासवर्ड, सर्व्हरची खासगी किल्ली, प्रवेश अर्जातला आधार क्रमांक, विद्यार्थ्यांचे गुण. ही भीती कागदी नाही. मे 2025 मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अॅपोर्ट आणि सिस्टमडी-कोअरडम्प या दोहोंमधल्या दोन उणिवा जाहीर केल्या. त्यांचे क्रमांक सीव्हीई-2025-5054 आणि सीव्हीई-2025-4598. यंत्रावर साधं खातं असलेला माणूस जास्त अधिकाराने चालणारा प्रोग्राम मुद्दाम पाडून, वेळेचा अचूक मेळ साधून त्याचा कोअर वाचू शकत होता; आणि त्या कोअरमध्ये पासवर्डांचे हॅश सापडू शकत होते. उपाय म्हणून तात्पुरतं ‘/प्रॉक/सिस/एफएस/सुइड_डम्पेबल’ 0 करायला सांगितलं गेलं. म्हणजे काय, तर अधिकार बदलून चालणाऱ्या प्रोग्रामांचे कोअर निघणार नाहीत, बाकीच्यांचे निघत राहतील.

या सल्ल्यातच माझ्या मते योग्य धडा आहे. सगळ्यांचे कोअर बंद करण्याऐवजी धोक्याचे तेवढे बंद करा. सामान्य सेवांचे कोअर चालू ठेवा, पण ते कोण वाचू शकतं ते ठरवा, ठरावीक दिवसांनी पुसा आणि यंत्राचे अपडेट वेळेवर घ्या. किल्ल्या हाताळणारा प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहीत असाल, तर स्मृतीचा तेवढा भाग कोअरमध्ये येऊ नये असं कर्नलला सांगता येतं. ‘एमअॅडव्हाइज’ या कॉलमधला ‘एमएडीव्ही_डोन्टडम्प’ हा पर्याय त्यासाठीच आहे. आणि कोअर फाइल व्हॉट्सअॅपवर किंवा मेलने कोणालाही पाठवू नका. समोरच्याला बहुतेक वेळा फक्त बॅकट्रेस हवा असतो. तो मजकूर काढून, एकदा स्वतः वाचून मग पाठवा. आपल्याकडे 2023 साली वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. लोकांची माहिती असलेली कोअर फाइलही माहितीच असते, हे विसरून चालणार नाही.

पंचनामा म्हणजे निकाल नव्हे

कोअरची मर्यादाही सांगायला हवी. तो फक्त शेवटचा क्षण दाखवतो, आधीचा प्रवास नाही. एखाद्या फंक्शनने अॅरेच्या बाहेर लिहून शेजारची स्मृती खराब केली आणि ती खराब स्मृती दहा मिनिटांनी दुसऱ्याच फंक्शनने वापरली, तर कोसळतं दुसरंच. कोअरमध्ये बळी दिसतो, गुन्हेगार केव्हाच पसार! अशा वेळी व्हॅलग्राइंड किंवा अॅड्रेस सॅनिटायझर घेऊन प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो. पण नेमकी कोणती स्मृती खराब झाली, हा पहिला धागा तिथेही बहुधा कोअरच हाती देतो.

आणि प्रोग्राम कोसळला नाही, नुसता अडकून बसला तर? तेव्हा ‘जीकोअर’ आज्ञेला त्याचा प्रक्रिया क्रमांक द्या. ती प्रोग्राम न मारता त्याचा कोअर काढून देते. मग निवांत ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ म्हणा आणि कोणता थ्रेड कोणाची वाट बघत बसलाय ते पाहा.

शिक्षक मित्रांना विनंती

हे सगळं शिकवायला नवं पुस्तक नको, नवा विषय नको, पैसाही नको. दोन तासांचं एक प्रात्यक्षिक पुरे. पण त्यासाठी जर्नलकडे बघण्याची आपली दृष्टी थोडी बदलावी लागेल. जर्नलमध्ये आपण काय मागतो? उद्देश, अल्गोरिदम, प्रोग्राम, आउटपुट. आउटपुट बरोबर आलेलंच हवं. त्यामुळे कोसळलेला प्रोग्राम ही लपवण्याची गोष्ट होते. मूल शेजारच्याचा प्रोग्राम उतरवतं, आउटपुट चिकटवतं, सही मिळवतं. चूक शोधण्याचं कौशल्य मात्र कोऱ्या पानासारखं राहतं.

म्हणून प्रत्येक सत्रात निदान एक प्रयोग असा द्या, ज्यात प्रोग्राम आपण द्यायचा आणि तो कोसळणारच. विद्यार्थ्याने जर्नलमध्ये लिहायचं ते एवढंच : कोणता सिग्नल आला, कोअर कुठे मिळाला, बॅकट्रेस काय सांगतो आणि माझ्या मते खरी चूक कोणत्या ओळीत आहे. तोंडी परीक्षेत ‘पॉइंटरची व्याख्या सांगा’ ऐवजी ‘हा कोअर उघडून दाखवा’ असं म्हणा. व्याख्या पाठ करता येते, पंचनामा वाचायला समजच लागते.

करून पाहा

1. ‘यूलिमिट -सी’ आणि ‘कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ या दोन आज्ञा तुमच्या यंत्रावर देऊन उत्तरं वहीत लिहा.
2. ‘स्लीप 100’ चालू करा आणि कंट्रोलसोबत उलटी तिरकी रेघ दाबा. हा 3 नंबरचा सिगक्विट. कोअर निघाला का? कुठे पडला?
3. आता ‘स्लीप 100’ कंट्रोल-सीने थांबवा. या वेळी कोअर का निघाला नाही? कारण दोन ओळींत लिहा.
4. नल पत्त्यावरून वाचणारा छोटा प्रोग्राम लिहा. एकदा ‘-जी’ लावून आणि एकदा न लावता कंपाइल करा. दोन्ही बॅकट्रेस शेजारी ठेवून फरक सांगा.

आणि पुढच्या वेळी ‘कोअर डम्प्ड’ दिसलं, की वरच्या बाणाकडे जाणारं बोट क्षणभर थांबवा. आधी फाइल शोधा, मग प्रोग्राम पुन्हा चालवा.